शून्य लिहिणारी माणसं

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मराठी घरांतले टीव्ही पहाटेपर्यंत चालू होते. मुंबईवर हल्ला झाला होता आणि सगळ्या देशाचे डोळे ताजच्या धुराकडे लागले होते. त्याच रात्री तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. 'निशा' नावाचं वादळ श्रीलंकेच्या किनाऱ्याला घासून संथपणे वर सरकत होतं. २७च्या सकाळी ते कारैकालजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याच्या वेगाच्या हिशेबात ते अगदी साधं ठरलं, ज्याला नाव मिळतं अशा वादळांतल्या सगळ्यात खालच्या पायरीवरचं. पण त्या वादळात कारैकालपासून सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या ओरत्तनाडू या तालुक्याच्या गावी चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरहून अधिक पाऊस मोजला गेला.

या जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून अधिक वर्ष एका दिवसात कोसळलं. तमिळनाडूच्या मैदानी भागात त्याआधी पावसाचा दाखला द्यायचा तर १८ मे १९४३चं कडलूर आठवायचं. तिथे ५७० मिलिमीटर पडला होता. पासष्ट वर्षांनी ओरत्तनाडू त्याच्या पुढे गेलं. निशाने तमिळनाडूत शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला. त्या आठवड्यात महाराष्ट्रात याची बातमी कुणी वाचली असेल, तर ती आतल्या पानावर.

संपादकांनी या अंकासाठी विषय दिला तो असा: निसर्गाची टोकाची रूपं आणि त्यांच्यामागे आयुष्य घालवणारी माणसं. विषय ऐकल्यावर डोळ्यांपुढे येतात ती धाडसाची नावं. मॉरिस आणि कातिया क्राफ्ट हे फ्रेंच जोडपं जगभरच्या ज्वालामुखींच्या तोंडाशी जाऊन चित्रण करत राहिलं आणि ३ जून १९९१ रोजी जपानच्या उन्झेन पर्वतावर तप्त राखेच्या लोटात गेलं. अमेरिकेतले टिम समारस चक्रीवातांच्या वाटेत मोजणीची उपकरणं नेऊन ठेवायचे. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रिनो इथे ते, त्यांचा मुलगा आणि त्यांचा सहकारी असे तिघेही त्याच वाऱ्यात गेले. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आपल्या देशातल्या टोकाच्या निसर्गाची नोंद बहुतेक वेळा अशी होत नाही. इथे कुणी वादळाच्या मागे धावत नाही. वादळ येतं तेव्हा एक माणूस आपल्या जागेवर असतो आणि सकाळी साडेआठला काचेचं माप डोळ्यांसमोर धरतो. त्याचं काम बघायला मी ओरत्तनाडूला गेले.

रामेश्वरच्या वाटेवर

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर ओरत्तनाडू येतं. मी गेले ते ऑगस्टच्या अखेरीस. मेट्टूर धरणाचं पाणी सुटलेलं होतं. रस्त्याच्या कडेने कालवा वाहत होता, शेतांत भाताची रोपं, मधे नारळ. डोंगर औषधालाही नाही. कुठल्याही दिशेला बघा, नजर थेट क्षितिजाला जाऊन टेकते. हे आधीच सांगायला हवं, कारण आपल्याकडे प्रचंड पाऊस म्हटलं की घाट आठवतो. महाबळेश्वरला जुलै २०२१मध्ये एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा सह्याद्रीची अख्खी भिंत ढगांना अडवायला उभी होती. ओरत्तनाडूत अडवायला काहीच नाही, आणि तरी पाऊस त्याहून अधिक.

माझ्यासोबत तंजावरचे एक मराठी गृहस्थ होते. निवृत्त शिक्षक, घरात अजून तंजावरी मराठी बोलणारे. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही काकाच म्हणू लागले. गावात शिरल्यावर त्यांनी पहिल्यांदा नेलं ते मुक्तांबाळ छत्रात, वाटसरूंसाठीच्या जुन्या धर्मशाळेत. व्यंकोजीराजांच्या वंशातले दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी कारभार कंपनी सरकारकडे गेला आणि त्यांच्या हाती तंजावरचा किल्ला आणि आसपासचा भाग एवढंच उरलं. त्यानंतर त्यांनी जे मनावर घेतलं त्यात सरस्वती महाल ग्रंथालय होतं, छापखाना होता, वैद्यक होतं, आणि रामेश्वरच्या वाटेवरची छत्रं होती. ओरत्तनाडूचं छत्र त्यांनी मुक्तांबाळ या आपल्या प्रिय स्त्रीच्या नावाने उभारलं. दगडी जोत्यावर कोरलेले हत्ती-घोडे, लाकडी खांबांचा चौक, मागे जेवणाच्या पंक्तींच्या लांबच लांब पडव्या. १८०१ साली सरफोजींनी ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहून या छत्रांचा कारभार समजावून सांगितला होता. जात न बघता वाटसरूला अन्न, आजाऱ्याला औषध, आणि मध्यरात्री घंटा वाजवून कुणी उपाशी राहिलंय का याची विचारणा.

काकांनी मला तिथे उभं करून एक गोष्ट सांगितली आणि ती मला या लेखाच्या कामाची वाटली. "ताई, दान सगळेच राजे करतात. इथे रोजचा हिशेब होता. किती पानं वाढली, किती तांदूळ गेला, सगळं मोडीत लिहिलेलं." तंजावरच्या मोडी कागदपत्रांचे गठ्ठे मोठे आहेत आणि त्यांत छत्रांच्या जमाखर्चाला चांगली जागा आहे. पंक्तीला चार माणसं असोत की चारशे, ओळ लिहायची. या गावाने दोनशे वर्षांपूर्वी हे बघितलेलं आहे.

नरसाळं, बाटली आणि काचेचं माप

पर्जन्यमापक हे बघायला अगदी किरकोळ उपकरण आहे. सरकारी कचेरीच्या, शेती केंद्राच्या किंवा रेल्वे स्टेशनच्या आवारात, तारेच्या छोट्या कुंपणात, जमिनीतून वर आलेलं गुडघ्याहून बुटकं नळकांडं. मी पाहिलेलं फायबरचं होतं, उन्हाने रंग उडालेलं. वरचा भाग उचलला की आत नरसाळं, नरसाळ्याखाली प्लास्टिकची बाटली. आदल्या संध्याकाळी तिथे विजांसह पाऊस झाला होता, ऑगस्टमध्ये या भागात असा होतो. नोंद घेणारे कर्मचारी साडेआठला दोन मिनिटं असताना आले. चपला कुंपणाबाहेर काढल्या. का, ते मी विचारलं नाही. बाटली काढून तिच्यातलं पाणी काचेच्या मापात ओतलं, माप डोळ्यांच्या पातळीला धरलं, पाण्याची कड काचेला चिकटून वर चढते ती सोडून मधली खोलगट रेघ वाचली. सात पूर्णांक चार. वहीत लिहिलं, पाणी जवळच्या जास्वंदीला घातलं, बाटली पुन्हा आत ठेवली. सगळं मिळून चार मिनिटं.

या चार मिनिटांत चूक करायला भरपूर जागा आहे. नरसाळ्याचं तोंड दोन आकारांत येतं, शंभर चौरस सेंटिमीटर आणि दोनशे चौरस सेंटिमीटर. प्रत्येकाचं काचेचं माप वेगळं. एक फुटलं आणि घाईत दुसऱ्याचं वापरलं, की पाऊस कागदावर दुप्पट होतो किंवा निम्मा. मापकाची कड जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर आणि अगदी समतल हवी. जवळ भिंत किंवा झाड असेल, तर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडायचं, नाहीतर वाऱ्याने तिरका येणारा पाऊस अडतो. मापक बसवताना मोकळी असलेली जागा वीस वर्षांनी मोकळी असतेच असं नाही. कुणीतरी हौसेने लावलेलं अशोकाचं झाड वाढतं, कचेरीला नवी खोली येते, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना त्या गावाचा पाऊस कमी होऊ लागतो.

तारखेचं गणितही समजून घ्यायला हवं. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन साडेआठला संपतो. आज सकाळी वाचलेला आकडा हा कालच्या साडेआठपासूनचा पाऊस, पण तो आजच्या तारखेला लिहिला जातो. पहाटे पाचला सुरू होऊन दुपारी बाराला संपलेली एखादी भयंकर सर वहीत दोन दिवसांत वाटली जाते, आणि दोन्हीकडे बेताची दिसते. वादळाची एकूण बेरीज आणि एका दिवसाचा आकडा यांची गल्लत वर्तमानपत्रांत सर्रास होते, तिचं मूळही इथेच आहे.

आता ओरत्तनाडूच्या त्या पावसाकडे या. हवामान खात्याच्या वर्गवारीत दिवसाला ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार धरतात, ११५.६पासून अतिमुसळधार, आणि २०४.४च्या वर गेलं की शेवटची पायरी. सहाशे म्हणजे त्या शेवटच्या पायरीच्याही जवळजवळ तिप्पट. दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात सहाशे मिलिमीटर पाऊस म्हणजे बारा लिटर पाणी. या मापकांत बसणाऱ्या बाटल्या दोन, चार आणि दहा लिटरच्या. म्हणजे दहा लिटरची सर्वांत मोठी बाटलीही पाचशे मिलिमीटरला भरून वाहणार. शंभरच्या तोंडाला बाटली चार लिटरची असेल, तर ती चारशेलाच भरणार. बाटली भरून वाहिली की हिशेब गेला. म्हणून नियम असा, की पाऊस फार वाटला तर साडेआठची वाट बघायची नाही. मधे उठायचं, बाटली मोजून रिकामी करायची, वेळ आणि आकडा टिपायचा, सकाळी सगळी बेरीज करायची.

नियम एका ओळीचा आहे. पण तो पाळायचा तर माणसाने काय करायचं? वीज गेलेली असते. रस्ता गुडघाभर पाण्याखाली असतो. घरात बायकापोरं माळ्यावर चढलेली असतात. अशा रात्री छत्री उलटी होत असताना कंदील किंवा टॉर्च घेऊन कचेरीच्या आवारात जायचं, नरसाळं उचलायचं आणि बाटली बदलायच्या त्या अर्ध्या मिनिटात जो पाऊस पडेल तोसुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही. अशी नोंद घेणारे पुष्कळजण अर्धवेळ असतात, दुसरं काम सांभाळून थोड्या मानधनावर हे करणारे. देशात कुठल्याही गावी सहाशेचा आकडा वहीत उतरतो, तो अशा कुणाच्या तरी पायपिटीवर उतरतो.

मंद वादळाचं पाणी

एवढा पाऊस पडला कसा? वादळ म्हटलं की आपण वाऱ्याचा वेग विचारतो. पावसाच्या बाबतीत विचारायचा प्रश्न दुसराच असतो: वादळ किती वेळ थांबलं? निशा किनाऱ्याजवळ तयार झालं आणि रेंगाळलं. त्याचा घेर समुद्रावरून बाष्प उचलत होता आणि पुन्हा पुन्हा त्याच पट्ट्यावर आणून ओतत होता. ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथला खरा पावसाळा. ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरून पाणी घेऊन येतात. तमिळनाडूला वर्षातला निम्म्याच्या जवळपास पाऊस याच तीन महिन्यांत मिळतो. समुद्र तेव्हा पुरेसा उबदार असतो, जमीन आधीच भिजलेली असते, तळी भरत आलेली असतात. अशा वेळी ढगांची एक रांग एकाच दिशेने, एकामागून एक, त्याच गावावरून जाऊ लागली, तर डोंगराची गरज उरत नाही.

असा पाऊस जागा निवडतो. २६ जुलै २००५ मुंबईकर विसरलेले नाहीत. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला अवघा ७३. त्या दिवशी फक्त कुलाब्याची वेधशाळा असती, तर कागदोपत्री मुंबईत मुसळधार म्हणावा एवढाच पाऊस झाला असता आणि मिठी नदी का पिसाळली याचं उत्तर कुणाला देता आलं नसतं. ओरत्तनाडूत मापक नसतं, तर २००८चा विक्रमही असाच हरवला असता. रडारने तरी पकडलं असतं का? त्या वेळी या भागाला जवळचं डॉप्लर रडार चेन्नईचं, जवळजवळ तीनशे किलोमीटरवर. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या अंतरावर रडारचा झोत जमिनीपासून सहा-सात किलोमीटर उंचीवरून जातो. ढगाचा माथा दिसतो, खाली काय ओतलं जातंय ते दिसत नाही. आता कारैकालला रडार आहे, त्यामुळे चित्र पुष्कळ सुधारलंय. तरीही रडार पावसाचा अंदाज बांधतं. तो अंदाज खरा की खोटा, हे शेवटी जमिनीवरच्या बाटलीलाच विचारावं लागतं.

आणि ते पाणी गेलं कुठे? ओरत्तनाडू कावेरीच्या जुन्या त्रिभुज प्रदेशात मोडत नाही. १९३४ साली मेट्टूर धरणासोबत कल्लणै बंधाऱ्यापासून निघणारा नवा कालवा सुरू झाला आणि त्यानंतर ही जमीन ओलिताखाली आली, म्हणून तिला नवा डेल्टा म्हणतात. पाणी आणायची सोय माणसाने केली, तेवढ्या बारकाईने पाणी बाहेर काढायची केलेली नाही. कालव्याच्या बांधालगतच्या एका शेतकऱ्याने मला त्याचं शेत दाखवलं. नोव्हेंबरात सांबा हंगामाचं भात अर्ध्या वाढीचं असतं. सहाशे मिलिमीटर म्हणजे एका एकरावर चोवीस लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे दोनशे चाळीस टँकर. "अम्मा, पाणी वरून आलं तेवढंच असतं तर निघालं असतं," तो म्हणाला. "वरच्या गावाचंही माझ्याच शेतात आलं." भात पाण्याखाली आठवडाभर टिकत नाही. त्या वर्षीचं टिकलं नाही.

दहा वर्षांनी वारा

निशानंतर बरोबर दहा वर्षांनी, नोव्हेंबरमध्येच, याच तालुक्यावर 'गजा' आलं. हे पाण्याचं नव्हतं, वाऱ्याचं होतं. उपसागरात एक वळसा घेऊन ते पश्चिमेला धावत सुटलं आणि १६ नोव्हेंबर २०१८च्या मध्यरात्रीनंतर नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या मधे किनाऱ्यावर आदळलं. जमिनीवर आल्यावर वादळं सहसा लवकर ढेपाळतात. गजाचा जोर आतल्या तालुक्यांपर्यंत टिकला, आणि शेवटी ते केरळ ओलांडून अरबी समुद्रात उतरलं. एक लाखाहून अधिक विजेचे खांब पडले. पट्टुकोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू या पट्ट्यातल्या नारळाच्या बागा एका रात्रीत आडव्या झाल्या. हवामान खात्याने नंतर सगळ्या नोंदी पुन्हा तपासून या वादळाला वरच्या श्रेणीत, अतितीव्र चक्रीवादळांत, नेऊन बसवलं.

वारा मोजणं पाऊस मोजण्याहून अवघड. वेगमापक बहुधा किनाऱ्यावरच्या मोजक्या केंद्रांवर असतात, आणि ऐन जोरात वीज जाते, खांब वाकतो, नोंद तुटते. मग वादळानंतर हिंडून माग काढावा लागतो, आणि तो माग झाडं सांगतात. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. पश्चिमेकडे जाणाऱ्या वादळाच्या केंद्राच्या उत्तरेला तुमचं गाव असेल, तर वारा आधी उत्तर-ईशान्येकडून येतो, मग पूर्वेकडून, आणि जाता जाता आग्नेयेकडून. गाव केंद्राच्या दक्षिणेला असेल, तर तो पश्चिमेच्या अंगाने फिरतो. म्हणून पडलेल्या खोडांची दिशा गावोगाव टिपत गेलं, की केंद्र कुठून गेलं ती रेघ नकाशावर काढता येते. जिथे वारा पूर्ण पडून तासाभराने उलट दिशेने सुटला असं लोक सांगतात, तिथून केंद्रच गेलेलं असतं. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींनाही या कामात उपकरणाइतकी किंमत आहे.

मी गेले तेव्हा बागांच्या कडेला जुनी खोडं अजून पडलेली दिसत होती, आतून पोखरलेली, वर बुरशी. नवी रोपं मधल्या जागेत उभी राहिली होती. उंच जातीच्या नारळाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, पूर्ण उत्पन्नाला त्याहून अधिक. नारळाची मुळं खोल जात नाहीत, वर सगळं वजन शेंड्याला. जोराचा वारा आला की एकतर झाड मुळासकट उपटतं, नाहीतर शेंड्याखाली पिळवटून तुटतं. एका बाईंनी मला त्यातला फरक दाखवला. ज्यांच्या बागा उपटल्या त्यांना निदान लगेच कळलं. ज्यांची झाडं उभी राहिली, त्यांतल्या काहींचे शेंडे पुढच्या काही महिन्यांत वाळून गळाले, आणि तोवर पंचनामा होऊन गेला होता.

पंचनाम्याचं हे काम मला पावसाच्या वहीइतकंच महत्त्वाचं वाटतं. सरकारने झाडामागे अकराशे रुपये ठरवले. त्यांतले पाचशे पडलेलं झाड हलवायला. हेक्टरी १७५ झाडं धरून हिशेब. म्हणजे गाव प्रशासन अधिकारी, आपल्याकडचा तलाठी, बागेत उभा राहून खोडं मोजणार. चिखल, एकावर एक पडलेली झाडं, भोवती रडणारी माणसं. निम्मं तुटलेलं झाड पडलेलं धरायचं की उभं? हेक्टरी १७५हून दाट लावलेल्या झाडांचं काय? ही मोजणी करणाऱ्याला कुणी निसर्गाचा अभ्यासक म्हणणार नाही. पण गजाने नेमकं काय केलं याचा गावनिहाय तपशील ज्या कागदांत आहे, ते कागद त्याने भरले.

आकडा कुठे जातो

वहीतला आकडा साडेआठनंतर तासाभरात पुढे कळवला जातो. जिल्ह्याला, तिथून चेन्नईच्या प्रादेशिक हवामान केंद्राला. इतका मोठा आकडा आला की पहिल्यांदा त्याच्यावर संशय घेतात, आणि तो घ्यायलाच हवा. दशांशचिन्ह सरकलंय का, माप चुकीचं वापरलंय का, दोन दिवसांचा पाऊस एकत्र आलाय का? आजूबाजूच्या केंद्रांशी ताडून बघतात. निशाच्या वेळी डेल्टात इतरत्रही अतिमुसळधार पाऊस नोंदला गेला होता, त्यामुळे ओरत्तनाडूला शेजारचे साक्षीदार मिळाले. जिथे चाळीस किलोमीटरांत दुसरं मापक नसतं, तिथला खरा आकडाही फेकला जाण्याची भीती असते.

तपासलेल्या नोंदी शेवटी येतात पुण्याला. हवामान खात्याचा राष्ट्रीय विदा केंद्राचा विभाग शिवाजीनगरला आहे. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, पुढे ते दिल्लीला गेलं, पण आकड्यांचं घर पुण्यात राहिलं. ही उपकरणं देशभर एका मापाची असावीत यासाठी झटलेल्या अण्णा मणी यांनी १९४८पासून कामाला सुरुवात केली तीही पुण्यात. पाच ओळींच्या बातमीत हरवलेला ओरत्तनाडूचा पाऊस मराठी मुलखात असा जपलेला आहे.

या वह्यांतून काय उभं राहिलं ते बघा. भू. ना. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिलं, की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्या. २०१७मध्ये पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ पर्यंतचा हिशेब मांडला: मध्य भारतात मोठ्या पट्ट्यांवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पुण्याच्या हवामान खात्याने १९०१पासूनच्या पावसाचा देशव्यापी चौकटनिहाय संच तयार केला, त्याला ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी लागल्या. पुलाची उंची, धरणाच्या सांडव्याची रुंदी, शहरातल्या गटाराचा व्यास हे सगळं 'इथे जास्तीत जास्त किती पडू शकतो' या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. ओरत्तनाडूने ते उत्तर बदललं. पुढे डिसेंबर २०२३मध्ये दक्षिणेला कायलपट्टिनमला एका दिवसात सुमारे ९५० मिलिमीटर पडला आणि ते पुन्हा बदललं.

या सगळ्या अभ्यासात अतिवृष्टीचे दिवस मोजके आहेत. वाढ झाली की घट, हे ठरवायला लागतात ते बाकीचे हजारो दिवस, ज्या दिवशी काहीच झालं नाही. नोंद घेणाऱ्याची खरी परीक्षा तिथे असते. मी पाहिलेल्या वहीत मार्च आणि एप्रिलची पानं उघडली, तर शून्याखाली शून्य, पानभर. पाऊस नव्हता तरी तो माणूस आला होता, बाटली उघडून बघितली होती, शून्य लिहून सही केली होती. एखादा थेंब पडून मोजण्याइतका नसेल, तर तीही खूण वेगळी. रिकामी ओळ आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे पाऊस नव्हता. रिकामी ओळ म्हणजे माणूस नव्हता, पाऊस पडला असेल किंवा नसेल. पन्नास वर्षांनी ती वही वाचणारा अभ्यासक रिकामी ओळ कशानेही भरू शकत नाही.

तमिळनाडूत या कामाला आता हौशी माणसांची मोठी जोड मिळाली आहे. प्रदीप जॉन यांचं 'तमिळनाडू वेदरमन' हे पान वादळाच्या दिवसांत लाखो लोक वाचतात, आणि त्यांच्या लिखाणाचा मोठा आधार जुन्या पावसाच्या नोंदी हाच आहे. कोणत्या गावी कोणत्या साली किती पडला हे ते सांगतात तेव्हा वाचणाऱ्याला आपल्या अंगणातला पाऊस मोठा की लहान ते कळतं. गच्चीवर मापक ठेवून रोज आकडा टाकणारी मुलं मला तंजावरला भेटली. त्यांतली एक अकरावीतली मुलगी. तिने दोन हिवाळी पावसाळ्यांची वही मला दाखवली, आणि परीक्षेच्या आठवड्यातल्या ओळीही भरलेल्या होत्या, आईच्या अक्षरात.

आपल्या मंडळातलं मापक

मराठी वाचकाला हे दूरचं वाटू नये. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. नुकसानीचे पंचनामे आणि भरपाईची वाट त्या आकड्यापासून सुरू होते. तो आकडा येतो महावेध प्रकल्पातल्या स्वयंचलित केंद्रांतून. मंडळागणिक एक, राज्यात दोन हजारांहून अधिक. एका मंडळात दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक गावं असतात. सांताक्रूझ आणि कुलाबा यांतला फरक आठवला, तर एका टोकाच्या गावचं सोयाबीन वाहून जातं आणि मापकावर चाळीस मिलिमीटर कसे येतात हे कोडं राहत नाही. स्वयंचलित मापकांत बहुधा एक छोटं दुहेरी पात्र असतं. एक बाजू भरली की कलंडते, दुसरी भरू लागते, प्रत्येक कलंडण्याला एक ठोका. पाऊस फार जोरात असेल तर कलंडताना पाणी सांडतं आणि मोजणी कमी भरते. नरसाळ्यात पाला किंवा पक्ष्याचं घरटं अडकलं तर पाऊस उशिरा आणि थोडा थोडा नोंदला जातो. म्हणजे ज्या दिवसासाठी हे यंत्र बसवलं, त्याच दिवशी ते चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त. यंत्रं हवीतच. दर पंधरा मिनिटांची नोंद माणूस देऊ शकत नाही. पण यंत्राशेजारी साधी बाटली आणि ती रोज उघडणारा माणूसही हवा, नरसाळं साफ करणारा आणि शून्यावर सही करणारा. काटकसरीच्या नावाखाली ही जागा रद्द करणं हा मला शुद्ध अविचार वाटतो.

एक विनंती करते. आपल्या मंडळाचं पर्जन्यमापक कुठे आहे ते एकदा जाऊन बघा. झाडाखाली आहे का, भिंतीला चिकटून आहे का, कुंपण मोडलंय का, ते लिहून काढा, फोटो घ्या आणि ग्रामसभेत मांडा. शाळेत शिकवत असाल तर मुलांकडून एक वही सुरू करा. बाजारातलं साधं मापक पुरतं, वेळ मात्र सकाळी साडेआठचीच ठेवा, म्हणजे सरकारी आकड्याशी ताडता येईल. सुट्टीच्या दिवशी वही कुणाकडे राहणार हे आधी ठरवा. आणि पाऊस नसेल त्या दिवशी ओळ रिकामी सोडू नका.